थांबायची सोय नाही

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या माणसाचा पगार गुपित राहत नाही. कंपनीला त्याच्यासाठी आधी कामगार खात्याकडे एक अर्ज करावा लागतो. एलसीए म्हणतात त्याला. त्या अर्जाची सूचना कामाच्या जागी दोन ठिकाणी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी, दहा दिवस लावावी लागते. माझी लागली होती पॅन्ट्रीत, मायक्रोवेव्हच्या वरच्या बोर्डावर. एका बाजूला किमान वेतनाचं सरकारी पोस्टर, दुसऱ्या बाजूला कुणाचीतरी छत्री हरवल्याची चिठ्ठी आणि मध्ये मी: पदाचं नाव, कामाचं ठिकाण, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, आणि वर्षाचा पगार. माणसाचं नाव त्यावर नसतं. पण आमच्या मजल्यावर त्या पदाचं दुसरं कुणी नव्हतंच. डबा गरम होईपर्यंत लोक दुसरं काय वाचणार?

कागदामागचा हेतू वाईट नाही. बाहेरून माणूस आणून त्याला स्वस्तात राबवू नये, त्याच्यामुळे इथल्या कुणाच्या पोटावर पाय येऊ नये, आणि तसं होत असेल तर तक्रार करता यावी, म्हणून तो लावायचा. मी मात्र त्यावरच्या तारखाच पुन्हापुन्हा वाचत असे. तीन वर्षांनंतरची एक तारीख होती आणि माझं सगळं तिला टांगलेलं होतं. गाडीचं लायसन्ससुद्धा. न्यू जर्सीत शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचं लायसन्स चार वर्षं चाले, माझं व्हिसाच्या मुदतीबरोबर संपे. मुदतवाढीच्या मंजुरीचा कागद यायला उशीर झाला की लायसन्सही लटकलं, आणि आम्ही राहायचो तिथे गाडीशिवाय दूध आणायलाही जाता येत नसे.

या व्हिसाचं मूळ १९५२ च्या कायद्यात आहे. तेव्हा नुसता एच-१ होता, खास गुणवत्ता असणाऱ्या परदेशी माणसांसाठी. २९ नोव्हेंबर १९९० रोजी थोरल्या जॉर्ज बुशनी नव्या कायद्यावर सही केली आणि एच-१बी जन्माला आला. किमान पदवी लागेल असं काम, वर्षाला ६५,००० व्हिसे, आधी तीन वर्षं, मग आणखी तीन, संपलं. याच वर्गात कायद्याने नामांकित फॅशन मॉडेलनाही बसवलंय. मेलानिया ट्रम्पना १९९६ मध्ये मिळालेला व्हिसा हाच. हे सांगितलं की पॅन्ट्रीत हमखास हशा पिकायचा.

पुढे सॉफ्टवेअरच्या सुगीत मर्यादा वाढत गेली. २००१ ते २००३ या तीन वर्षांत ती १,९५,००० होती, मग परत ६५,००० वर आली. २००४ च्या कायद्याने अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांना वर २०,००० दिले. त्यानंतर आकडा जागचा हललेला नाही. मागणारे वाढले, म्हणून सोडत. २०२० मध्ये नोंदणी ऑनलाइन झाली, फी अवघी दहा डॉलर, आणि व्हायचं तेच झालं: एकाच माणसाची नोंदणी चार-चार कन्सल्टन्सी करू लागल्या. २०२३ च्या मार्चमध्ये ७,८०,००० वर नोंदण्या आल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त एकापेक्षा अधिक नोंदण्या असलेल्या माणसांच्या. पुढच्या वर्षी सोडत नोंदण्यांची न काढता माणसांची काढायची ठरवली, तर आकडा धाडकन ४,८०,००० च्या आत.

व्हिसाची चर्चा निघाली की सगळे लॉटरीबद्दलच बोलतात. मला लॉटरीचं फारसं दुःख वाटत नाही. नाही लागली तर माणूस हळहळतो आणि दुसरी वाट धरतो. लागली की मग खरी गंमत सुरू होते. हा व्हिसा काम करायची परवानगी देतो, न करायची देत नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला, कारण पहिल्या उत्साहात काम न करण्याचा विचार कोण करतं?

आमच्या घरात दोन व्हिसे होते. माझा एच-१बी, नवऱ्याचा एच-४, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला मिळतो तो. बहुतेक घरांत उलट असतं, आमच्यात हे असं. २००८ मध्ये आलो तेव्हा त्याच्या पासपोर्टातल्या व्हिसाचा अर्थ एका वाक्यात सांगता येई: राहा, शिका, काम करू नका. तो स्ट्रक्चरल इंजिनिअर. टर्नपाइकवर गाडी पुलाखालून गेली की मान वर करून बेअरिंग बघायचा, गंज दिसला की रस्ताभर त्यावर बोलायचा. ऐकणारी मी एकटी.

काम करू शकणाऱ्याला मिळणारा सोशल सिक्युरिटी नंबर त्याला नाही, म्हणून टॅक्स भरायला वेगळा नंबर काढला. क्रेडिट कार्डावर तो माझा 'ऑथोराइज्ड युजर'. मराठी मंडळाच्या गणपतीत आरती झाली की एखादे काका हमखास विचारणार, "आपण कुठे असता?" आणि हा शांतपणे सांगणार, "घरी असतो." काकांना वाटायचं, पोरगा चेष्टा करतोय. मग ते माझ्याकडे बघायचे आणि विषय पार्किंगवर जायचा. सासूबाई फोनवर विचारायच्या, "अगं, त्याला तिथे कुणीच नोकरी देत नाही का?" "देतील हो आई, सरकार करू देत नाही." हे त्यांना कधीच पटलं नाही. त्यांच्या मते सरकार नोकरी देतं किंवा देत नाही; आपण होऊन काम करणाऱ्याला अडवायचं कशाला?

तो कॉम्प्लेक्समधल्या मुलांना तबला शिकवायचा, फुकट. एका मुलाच्या आईला फुकट शिकवून घ्यायचं अवघड वाटायचं. ती लिफाफा पुढे करायची, हा मागे सरायचा. मानीपणा म्हणून नव्हे. पैसे घेतले तर ते बेकायदा काम झालं असतं आणि पुढच्या प्रत्येक अर्जावर त्याचा जाब द्यावा लागला असता. शेवटी तिने दिवाळीला फराळाचा भलामोठा डबा पाठवला. डबा म्हणजे मोबदला होतो का, हे आम्ही वकिलाला विचारलं नाही.

म्हणजे घरात एकाला सुरू करायची बंदी, दुसरीला थांबायची. संध्याकाळी मी थकून यायची आणि तो न थकल्याने वैतागलेला असायचा. भांडणं व्हायची ती कुकरच्या शिट्टीवरून, टॉवेलवरून. खरं कारण दोघांनाही ठाऊक असायचं, पण ज्याच्याशी भांडायचं तो हाताशी नव्हता.

थांबायची बंदी म्हणजे काय, ते जरा नीट सांगते, कारण बाहेरून बघणाऱ्याला ती दिसत नाही. गलेलठ्ठ पगार, हेल्थ इन्शुरन्स, दारात गाडी. नोकरी बदलता येते, अगदी रीतसर. २००० च्या कायद्यापासून तर नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की लगेच तिथे रुजू होता येतं. एका फांदीवरून दुसरीवर उडी मारायला हरकत नाही, मध्ये जमिनीवर टेकायचं नाही. वर्षभर सुट्टी घेऊन काही शिकावं, आजारपणानंतर अर्धवेळ काम करावं, स्वतःचं काही सुरू करून बघावं, यातलं काहीही करायचं म्हटलं की आधी वकील. शनिवार-रविवारी कपड्यांचा स्टॉल लावायलाही मनाई. शेअर घ्यायला परवानगी; पैशाने काम केलेलं चालतं, हाताने नाही.

आणि कंपनीनेच काढलं तर? जानेवारी २०१७ च्या आधी याचं उत्तर फार छोटं होतं. नोकरी संपली त्या दिवशी तुमचं इथलं राहणं संपलं. नंतरच्या नियमाने जास्तीत जास्त साठ दिवस मिळू लागले. साठ ऐकायला बरे वाटतात. त्यात मुलाखती द्यायच्या, ऑफर मिळवायची, नव्या कंपनीच्या वकिलाने कागद जमवायचे, एलसीएला कामगार खात्याचे सात कामाचे दिवस, मग अर्ज. तोही साठ दिवसांच्या आत पोचला पाहिजे. २०२२ च्या नोव्हेंबरात मोठ्या टेक कंपन्यांनी हजारोंनी माणसं काढली. तेव्हा ओळखीतल्या एका जोडप्याने मुलीच्या शाळेत आणि घरमालकाला एकाच आठवड्यात नोटीस दिली आणि नोकरी लागल्यावर दोन्ही मागे घेतल्या. मुलीला काहीच सांगितलं नव्हतं. तिला सगळं माहीत होतं.

आता अमेरिकन माणसाची बाजू. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती काढली की लोक चिडतात, तरी काढते. २०१५ मध्ये फ्लोरिडातल्या डिस्नेची बातमी गाजली. सुमारे २५० तंत्रज्ञांना काढलं आणि जाण्यापूर्वी त्यांच्या जागी आलेल्या माणसांना काम शिकवायला त्यांनाच बसवलं. आलेले बरेचसे एच-१बीवरचे, आउटसोर्सिंग कंपन्यांचे. ते वाचून माझ्या ग्रुपवरचे लोक म्हणाले, हे काय आमच्यामुळे झालं का? तुमच्यामुळे नाही, पण तुमच्या आडून झालं. एलसीएवरचा पगार चार पायऱ्यांत ठरतो आणि त्यातल्या खालच्या दोन पायऱ्या त्या भागातल्या मधल्या पगाराच्याही खाली आहेत. शिवाय जो माणूस सहजी सोडून जाऊ शकत नाही, तो पगारवाढ मागतानाही आवाज खालीच ठेवतो. कंपनीला आणखी काय हवं? माझं मत असं, की ज्या दोरीने मला बांधलंय तीच त्या डिस्नेच्या माणसाच्या गळ्याला लागलेली होती. परदेशी माणसाला मोकळं करा, तो मनासारखी नोकरी धरू-सोडू दे, की त्याचा स्वस्तपणा बराचसा आपोआप जाईल. पण वाद चालतो तो व्हिसे किती द्यायचे यावर. दिल्यावर त्या माणसाला किती मोकळीक द्यायची, हे कुणी काढत नाही.

सहा वर्षांत परत जायचं, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात कंपनीने ग्रीन कार्डाचा अर्ज सुरू केला की सहा वर्षांनंतरही मुदत वाढत राहते. त्यातली पहिली पायरी पर्म. या जागेसाठी लायक अमेरिकन माणूस मिळत नाही, हे कंपनीने सिद्ध करायचं. त्यासाठी वर्तमानपत्रात दोन वेगवेगळ्या रविवारी जाहिरात द्यायची. मी तो पेपर विकत आणला होता. लोळत पडलेल्या रविवारी, जुन्या सोफ्यांच्या आणि गॅरेज सेलच्या शेजारी, माझ्या खुर्चीची जाहिरात. कामाचं वर्णन माझंच, शिक्षणाची अट माझीच, अनुभवही मोजून माझ्याएवढा. नवऱ्याने मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "अगं, अर्ज करून टाक, तुला मिळेल."

पर्म मंजूर, मग आय-१४०, म्हणजे कंपनीने इमिग्रेशन खात्याकडे केलेला अर्ज, मंजूर, आणि मग रांग. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यात कुटुंबीयही धरलेले. एका देशाला सात टक्क्यांच्या वर नाहीत. आइसलँडला सात टक्के, भारतालाही सात टक्के. आपली प्रायॉरिटी डेट, म्हणजे पर्म दाखल झाल्याची तारीख, धरून दर महिन्याला व्हिसा बुलेटिन बघायचं: रांग कुठल्या तारखेपर्यंत आली ते सांगणारं सरकारी पत्रक. ते बघण्याची सवय इतकी लागते, की कार्ड हातात आल्यावरही वर्षभर मी ते उघडत होते.

या बुलेटिनच्या इतिहासातला २००७ चा जुलै मला फार आवडतो, मी तेव्हा इथे नव्हते तरी. त्या महिन्याच्या बुलेटिनात जवळजवळ सगळ्या रांगा अचानक खुल्या झाल्या. लोकांनी सुट्ट्या टाकून वैद्यकीय तपासण्या केल्या, फोटो काढले, रात्रीचा दिवस करून अर्ज पाठवले. आणि २ जुलैला सांगितलं, की व्हिसे संपले, अर्ज घेणार नाही. तेव्हा गांधीगिरी हा शब्द नुकताच सगळ्यांच्या तोंडी झाला होता. लोकांनी इमिग्रेशन खात्याचे प्रमुख एमिलिओ गोन्झालेस यांच्या कचेरीत फुलं पाठवली, शेकड्यांनी गुच्छ. त्यांनी ती वॉल्टर रीड रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे पाठवून दिली. १७ जुलैला निर्णय फिरला आणि अर्ज घेतले गेले. केवळ फुलांमुळे म्हणणार नाही, कोर्टात जायचीही तयारी झाली होती. पण एवढ्या मुकाट राहणाऱ्या लोकांनी एकदा तरी काहीतरी पाठवलं.

तारीख पुढेच सरकते असंही नाही. सप्टेंबर २०२२ च्या बुलेटिनात भारताची ईबी-२ ची, म्हणजे मास्टर्सच्या तोडीच्या नोकऱ्यांच्या रांगेची, तारीख १ डिसेंबर २०१४ होती, ऑक्टोबरच्या बुलेटिनात १ एप्रिल २०१२. माझी तारीख २०१३ ची. माझं कार्ड त्या उन्हाळ्यात येऊन गेलं होतं. एका मैत्रिणीची २०१४ ची. करंट होती, म्हणजे तिची पाळी आली होती, फाईल कुणाच्यातरी टेबलावर होती, आणि महिना बदलला. तिचा मुलगा दहावीत होता. तो एकवीस वर्षांचा झाला की आईच्या अर्जातून गळणार. ती आता बुलेटिनच्या तारखेतून मुलाचं वय वजा करते आणि हे गणित ती कुणालाही, कुठेही, विचारलं नसताना करून दाखवते.

नवऱ्याचं सांगायचं राहिलं. २६ मे २०१५ पासून, आय-१४० मंजूर झालेल्यांच्या एच-४वाल्या जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला. त्याविरुद्ध खटला नियम लागू होण्याआधीच दाखल झाला आणि दहा वर्षं चालला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तो ऐकायला नकार दिला, म्हणून परवाने टिकले. नवऱ्याला नोकरी मिळाली, जुन्या अनुभवाच्या मानाने खूपच खालची. मुलाखतीत विचारलं, मधली वर्षं काय केलंत? त्याने तबल्याचं सांगितलं. आता तो पूल तपासतो आणि गंजावर बोलायचे त्याला पैसे मिळतात.

आणि मी? कार्ड आल्या दिवशी राजीनामा देणार होते. वकील म्हणाला, लगेच सोडू नका, निदान काही महिने तरी करा. ज्या नोकरीच्या जोरावर कार्ड मिळालं ती नुसती नावापुरती होती असं उद्या कुणाला वाटायला नको. म्हणजे थांबायची परवानगी मिळाली, तीही थांबूनच वापरायची. पुढच्या वसंतात सोडली. पहिले काही आठवडे नुसती झोपले. नंतर लायब्ररीच्या मागच्या तलावावर पोहायला शिकायला लागले, सहा-सात वर्षांच्या पोरांच्या वर्गात.

१९ सप्टेंबर २०२५ च्या शुक्रवारी संध्याकाळी ट्रम्प यांची घोषणा आली, एच-१बीच्या अर्जामागे १,००,००० डॉलर. लागू रविवार उजाडायच्या आत, रात्री १२ वाजून १ मिनिटाने. वाणिज्यमंत्री म्हणाले, दरवर्षी. जुने व्हिसेवाले धरले की नाहीत, कुणाला सांगता येईना. कंपन्यांच्या वकिलांच्या ई-मेल आल्या: बाहेर असाल तर आजच परत या, इथे असाल तर जाऊ नका. सॅन फ्रान्सिस्कोत निघायच्या बेतातल्या विमानातून माणसं उतरली. माझ्या जुन्या टीममधला एक मुलगा आईच्या ऑपरेशनसाठी भारतात गेला होता. त्याचा फोन आला, "ताई, ऑपरेशन सोमवारी आहे. निघू का?" मी अशा वेळी काय सांगणार? म्हटलं, वकिलाला विचार. वकिलाचा फोन लागत नव्हता. तो निघाला. दुसऱ्या दिवशी खुलासा झाला, की रक्कम एकदाच भरायची आणि फक्त नव्या अर्जांना, चालू व्हिसावाल्यांना नाही. तेव्हा तो दोहाच्या विमानतळावर होता.

आईचं ऑपरेशन नीट पार पडलं. तो इथे आहे. डिसेंबरात त्याला बढती देऊ केली: आठ माणसांची टीम, पगारही बराच वर. पण त्याचा पर्म जुन्या पदावर दाखल झालेला आणि मंजुरीला वर्षाच्या वर लागतंय. काम बदललं की तो अर्ज कुचकामी, पुन्हा पहिल्यापासून, जाहिरातीपासून. "ताई, रांगेत दोन वर्षं मागे जाईन," तो म्हणाला. मी म्हटलं, अरे, ईबी-२ ची रांग अजून २०१३ मध्ये आहे, तुझ्या दोन वर्षांनी कुठे काय बिघडणार? शिवाय पुढची सोडत पगाराच्या पायरीप्रमाणे होणार, वरच्या पायरीला चार चिठ्ठ्या नि खालच्या पायरीला एक, म्हणजे सरकारलाही मोठा पगारच हवाय. त्याने सगळं ऐकून घेतलं. "आय-१४० येऊ दे, मग बघू."

बढती त्याने नाकारली. त्या जागेवर बाहेरून एक जण आलाय आणि त्याला सिस्टीम समजावून द्यायचं काम सध्या याच्याकडे आहे.